वेदिकाचा समुद्र भरलेला

आमची उज्वलाआत्या तुम्हाला सोमवार ते शनिवार भेटली तर रविवारी तुम्ही तिला ओळखणार नाही. आठवडाभर ती नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत साड्यांना फॉल लावत बसते. तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं "हं" आणि "उंहूं" एवढंच. काका अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जातात, म्हणजे घरात भरदिवसा कुणीतरी झोपलेलं, म्हणजे मशीनसुद्धा दबकत चालवायचं. पण रविवारी पहाटे निसारभाईंची सतरा सीटची गाडी कोपऱ्यावर उभी राहिली, की त्याच तोंडातल्या टाचण्या जातात आणि तिथं माईक येतो.

"नमस्कार बायांनो! चहा झालाय, सगळ्या जाऊन आल्यात, आता त्र्यंबकच्या पुढं कुणी पोट धरून 'थांबवा' म्हणायचं नाही. डावीकडचं आत्ता बघा. उजवीकडचं येताना डावीकडं येईऽऽल!"

तो "येईल" ती वर नेऊन सोडते, दुपारच्या गल्लीत भंगारवाला सोडतो तसा. घरात ह्याची नक्कल मी करते. आईला ठसका लागेपर्यंत करते.

आत्या बायकांच्या एका दिवसाच्या सहली काढते. सिन्नरचं गोंदेश्वर, चांदवडचा रंगमहाल, येवला, पैठण, जव्हारचा राजवाडा, आणि कधीमधी पार खाली बोर्डीचा समुद्र. पहाटे निघायचं, रात्री घरी. मुक्काम म्हटला की घरचे विचारतात, कुणाबरोबर, कशाला, आमच्या जेवणाचं काय. एका दिवसाचं कुणी फार विचारत नाही, त्यांना वाटतं देवाला चालल्यात. लग्नानंतर कित्येक वर्षं आत्यानं चांदवड फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं, माहेरी जाता-येता. एकदा शेजारच्या चौघींना गोळा करून ती रिक्षानं सिन्नरला गेली, आणि परत येताना तिला कळलं की आपल्याला बोलता येतं.

हे सगळं छान चाललं होतं. मग वेदिका आली.

वेदिका इंदिरानगरची. आधी ती आत्याच्याच सहलींना यायची. मान तिरकी करून म्हणायची, "ताई, तुम्ही कित्ती छान सांगता ना!" आत्याला ते फार आवडायचं. घरी येऊन आम्हाला सांगायची, "शिकलेली मुलगी आहे, पण ऐकून घेते." गणपती संपले आणि वेदिकाच्या स्टेटसला आलं: वन डे विथ वेदिका. सोळा-सतरा बायका, डोक्यावर निळ्या टोप्या, मागं जव्हारचा राजवाडा. पुढच्या फोटोत समुद्र.

त्या दिवसापासून आत्या जळायला लागली. नुसतं वाईट वाटणं वेगळं. आत्या व्यवस्थित, रोज, वेळ काढून जळायची.

"तेजे, तुझा मोबाईल दे."

"तुझा कुठाय?"

"माझ्यावरून बघितलं की तिला माझं नाव दिसतं. उगाच वाटेल मी बघते."

"बघतेसच की."

"मी कुठं बघते? तू बघतेस. मी तुझ्या शेजारी बसलेय."

मग मी बघायची आणि ती शेजारी बसून बोट लावून फोटो मोठा करायची. टोप्यांवर तिचा राग नव्हताच. राग होता समुद्रावर. वेदिकाच्या प्रत्येक फोटोत समुद्र काठोकाठ, सुरूच्या झाडांना टेकलेला. आत्या बोर्डीला दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळेला समुद्र लांब, आभाळाच्या कडेला एक चकचकीत रेघ. अलीकडं सगळा चिखल. दुसऱ्या वेळी तर सहलीतल्या लंकाबाई म्हणाल्या होत्या, "उज्वला, ह्याच्यापरीस आमच्या हरसूलच्या नाल्याला लय पानी हाय."

"फोटोत करामत केलीय," आत्या म्हणाली.

"नाही गं. खरं पाणी आहे."

आत्यानं विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "मी कधी गेले होते? मार्चात आणि मेमध्ये. तेव्हा गंगापूर धरण तरी कुठं भरलेलं असतं? ही पावसाळा संपल्या-संपल्या जाते, म्हणून तिला भरलेला मिळतो!"

निसारभाई दारासमोर गाडी पुसत होते, ते फडकं हातात घेऊन हसत सुटले. "ताई, दर्या है वो. त्याला पाटबंधारेवाले पाणी सोडत नाहीत. भरती-ओहोटी असते."

"भरती-ओहोटी मला माहितीय. शाळा शिकलेय मी. पण ते असेल चार पावलं पुढं-मागं. इथं अख्खं पाणीच उचलून नेलेलं असतं!"

मलाही चार पावलंच वाटत होती. पुस्तकात चंद्र, पृथ्वी आणि दोन बाण असतात. त्या बाणांचा बोर्डीच्या चिखलाशी संबंध असेल, हे आमच्या नाशकात कुणाला सुचणार?

एवढ्यानं भागलं असतं, पण दिवाळी झाली आणि लंकाबाई घरी आल्या. लंकाबाई मूळच्या हरसूलच्या, आता मुलाकडं अंबडला असतात, आणि त्यांच्या भिशीतल्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दावर उठतात-बसतात. संक्रांतीनंतर भिशीची मोठी सहल निघते, अख्खी गाडी भरून, आणि ती दरवर्षी आत्याकडं असायची. त्याच सहलीच्या भरवशावर निसारभाई वर्षभराचे रविवार आत्याला देतात, नाहीतर त्यांच्या गाडीला लग्नांची ऑर्डर कायम तयार असते.

लंकाबाई चहा फुंकत म्हणाल्या, "उज्वला, राग नको धरू. पन औंदा बाया म्हनत्यात, वेदिकाकडं जाऊ. मी म्हनलं थांबा, लुगडं घेताना दोन दुकानं बघतो का नाय? ह्या ऐतवारी तिच्यासंगं बोर्डी बघती. फुडल्या ऐतवारी तुझ्यासंगं. मग ठरवू."

"बोर्डीच?" आत्या म्हणाली. "पैठणला चला ना. नाथांचा वाडा…"

"बोर्डीच. एका मापानं मापलेलं बरं."

लंकाबाई गेल्यावर आत्या बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. दोरा ओवलेलाच होता. "भिशी गेली की गाडी गेली," ती म्हणाली. "मग रविवारीपण फॉलच." आणि जरा वेळानं, "तेजे, तू जा तिच्या सहलीला. लंकाबाईंच्या शेजारी बस. ती समुद्र कुठून आणते ते बघून ये."

तर मी गेले.

गाडी सुरू होताच वेदिका उभी राहिली, केस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकले. "हॅलोऽ गाईज! मला एनर्जी ऐकू येत नाहीये! एनर्जी कुठंय?"

लंकाबाईंनी मला ढोसलं. "काय हरवलं गं तिचं?"

"एनर्जी, आज्जी. म्हणजे जोर."

"वळनात पोट ढवळतंय, जोर कुठला आनू?"

पण खोटं कशाला बोलू, मजा आली. वेदिकाकडं गाणी होती, खेळ होते, जव्हारच्या राजवाड्यात तिनं प्रत्येकीला खिडकीत उभं करून राणीसारखा फोटो काढला. जेवण खोक्यांत आलं. लंकाबाईंनी त्यातला भात बोटानं चाचपला, "गार हाय," म्हणाल्या आणि झाकण लावून टाकलं. राजवाड्यावर आम्ही इतका वेळ काढला की मला वाटलं, ही समुद्राला न्यायचं विसरली.

आणि मग, गाडी जव्हार सोडून उतरायला लागल्यावर, वेदिकानं ओढणी पदरासारखी खोचली, ओठ टाचण्या धरल्यासारखे आवळले आणि माईक हनुवटीला लावला.

"बायांनो! डावीकडचं आत्ता बघा. उजवीकडचं येताना डावीकडं येईल!"

अख्ख्या गाडीत हशा पिकला. लंकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हुबेहूब उज्वला!"

हुबेहूब? अजिबात नव्हती. "येईल" तिनं आखूड केला होता. आणि आत्या माईक हनुवटीला लावत नाही, गालाला लावते. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. माझ्या आत्याची नक्कल करायला माझ्या घरात मी असताना ही बाई कोण, असं मला झालं होतं.

चारच्या सुमाराला बोर्डी आली. गाडी तिथंच थांबली, सुरूच्या त्याच रांगेपाशी. आणि समोर समुद्र होता. म्हणजे होताच. झाडांच्या मुळाशी येऊन फेस टाकत होता. लंकाबाईंनी चपला फेकल्या, लुगडं खोचलं आणि "आली गं बया, आली!" करत गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली की किंचाळायच्या आणि पुढच्या लाटेला हात करून बोलवायच्या. मीपण भिजले. तेवढा वेळ आत्याची आठवण आली नाही.

घरी आले तेव्हा आत्या दारातच होती.

"बोल."

मी केस ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकले. "हॅलोऽ गाईज! एनर्जी कुठंय?"

आत्या खुदकन हसली. "अशी बोलते? अजून कर." मी राजवाड्याच्या राण्या केल्या, खोकं चाचपणाऱ्या लंकाबाई केल्या. आत्या हसून हसून भिंतीला टेकली. मग एकदम थांबली.

"समुद्र?"

"भरलेला."

"किती?"

"झाडाच्या मुळाशी."

तिचं हसू गेलं. "जागा कोणती?"

"आपलीच. निसारभाई गाडी लावतात तीच. फक्त आपण सकाळी पोचतो, ती चारला पोचते."

"चारला!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हते? वेळ! आपण सकाळी सकाळी जाऊन बसतो, तो यायच्या आत. आता बघच." मग आवाज खाली आला. "माझ्याबद्दल काही बोलली का ती?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"एवढी वर्षं माझ्याबरोबर फिरली आणि नावसुद्धा नाही काढलं?" हे तिला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी आत्यानं सगळी सहल उलटी केली. निसारभाई म्हणाले, "ताई, रस्ता मोकळा आहे, दहाला पाण्यावर सोडतो." आत्या म्हणाली, "नको नको, आरामात चला." जव्हारचा राजवाडा तिनं बायकांना आतून दाखवला, बाहेरून दाखवला, मग मागच्या अंगानं दाखवला. राजघराण्याची गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्या वेळी जरा वाढवून. झाडाखाली डबे उघडले. आत्याच्या सहलीत सगळ्यांनी सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा अशी रीत आहे. लंकाबाईंची नागलीची भाकरी आणि ठेचा माझ्यापर्यंत येईस्तो संपला. जेवण झाल्यावरही आत्या उठेना.

"ऊन उतरू द्या."

"अगं पन समुद्र?" लंकाबाई म्हणाल्या.

"येतोय तो. त्याच्या वेळेला येतो."

असं ती इतक्या खात्रीनं म्हणाली की मलासुद्धा वाटलं, समुद्रानं तिला कळवलंय.

बरोबर चारला गाडी सुरूच्या झाडांपाशी थांबली. आत्या माईक गालाला लावून उभी राहिली. "बायांनो, डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा उघडायचे. एक, दोन…"

तीन ती म्हणालीच नाही. तिनं स्वतःचे डोळे उघडे ठेवले होते.

समुद्र नव्हता. पार लांब, आभाळाच्या कडेला, ती जुनी रेघ. अलीकडं काळपट ओला चिखल, त्यात एक होडी कलंडलेली आणि तीन कुत्री निवांत फिरतायत.

बायकांनी एकेक डोळा उघडला. मग भिशीतल्या सुमनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, "वेदिकाला फोन लावून विचारा ना, कुठं गेला ते."

मला वाटलं आत्या आता रडणार किंवा भांडणार. तिनं फोन काढला. इतके दिवस जिचं स्टेटस माझ्या मोबाईलवरून बघितलं, तिला तिनं स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. फोन स्पीकरवर होता, माईक अजून दुसऱ्या हातात होता आणि बंद करायचा राहिला होता, त्यामुळे वेदिका अख्ख्या गाडीला ऐकू आली.

"अय्या, ताई! बोला ना."

"मी बोर्डीला आहे," आत्या म्हणाली. "पाणी नाहीये."

"आत्ता? आत्ता कसं असेल ताई, ओहोटी आहे. आज सकाळी दहाला फुल्ल होता! तो रोज थोडा थोडा उशिरा येतो ना, आठवड्यात पार उलटं होतं. माझ्या मोबाईलवर वेळा येतात. मी बघितलं होतं, म्हटलं ताई नेहमी सकाळी जातात, आज ताईंना मस्त मिळणार." मग जरा थांबून, "तुम्ही सकाळी नाही गेलात?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी कुत्र्यांकडं बघितलं.

"माझ्या सहलीचं तू कशाला बघतेस?" आत्यानं विचारलं.

"तुमच्या सगळ्याच सहलींचं बघते मी, ताई," वेदिका म्हणाली. हे मात्र तिनं केस उडवल्याशिवाय म्हटल्यासारखं वाटलं.

आत्यानं फोन ठेवला. माईक सीटवर टाकला. पदर खोचला आणि खाली उतरली. "चला. तो येत नाही तर आपण जाऊ."

चिखलातून आमची रांग निघाली. पाय घोट्यापर्यंत आत जायचे आणि फचक करून बाहेर यायचे. लंकाबाईंची एक चप्पल आत गेली ती गेलीच. जाता जाता त्या म्हणाल्या, "ती काय गं, तिच्या गाडीत तुझी नक्कल करती. बाया लय हसल्या."

आत्या थांबली. "तेजे, तू म्हणालीस, काही बोलली नाही."

"बोलली नाही. करून दाखवली."

"कशी केली?"

"वाईट," मी म्हणाले. हे मी मनापासून म्हणाले.

आत्या दोन पावलं पुढं गेली. मग तिथंच, चिखलात रुतलेली, वळली. अंबाड्याची पिन काढली, केस ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकले. ते पांढरट, अर्धे मेंदी लावलेले केस. मान तिरकी केली.

"हॅलोऽ गाईज! मला समुद्र ऐकू येत नाहीये! समुद्र कुठंय? कमॉन, सगळ्यांनी एनर्जीनं चिखल बघा! ताई, तुम्ही कित्ती छान रुतताय ना!"

सुमनबाई चिखलात बसल्याच. लंकाबाई माझा खांदा धरून गदगदत होत्या. मी ते सगळं तिला करून दाखवलं होतं हे खरं, पण ती तिरकी मान आणि तो गोड गोड "कित्ती" माझा नव्हता. तो आत्यानं स्वतः ऐकून ठेवला होता, एकेक कण निवडून. इतकं बारीक ऐकायला माणूस नुसतं हुशार असून चालत नाही, जळावंही लागतं.

पाण्यापर्यंत पोचलो तेव्हा ते घोट्याएवढं होतं. त्यातच सगळ्यांनी पाय धुतले, आणि परतीच्या चिखलात पुन्हा भरवले.

मोखाड्याला चहासाठी थांबलो. लंकाबाई एका पायात चप्पल घालून बाकावर बसल्या आणि निकाल दिला.

"उज्वला, संक्रांतीची सहल तुझ्याकडं. पैठन. डबे आपले, हसनं आपलं. देवळं, वाडे तूच दाव. ते जाग्याव ऱ्हातात."

निसारभाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे गाडी पक्की ना, मावशी?"

"पक्की."

आम्ही सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. रविवार वाचले होते. तिनं हसायला हवं होतं. ती कपाच्या तळाशी बघत होती.

"आणि समुद्र?" तिनं विचारलं.

"समुद्राला वेदिकाकडं जाऊ की," लंकाबाई म्हणाल्या. "तिला त्याचं येनं-जानं ठावं हाय. लय भरला व्हता गं उज्वला. हितपावतर." आणि त्यांनी गुडघ्याच्या बऱ्याच वर हात लावून दाखवला.

"सगळ्या जाणार?"

"सगळ्या."

गाडी निघाली. बायका पेंगायला लागल्या. आत्या पुढच्या सीटवर माईक मांडीवर घेऊन बसली होती आणि रस्ता डावीकडं-उजवीकडं काही न सांगता जात होता. मग तिनं मोबाईल काढला. ह्या वेळी आवाज बारीक होता.

"वेदिका, मी बोलतेय… हो, पोचतोय… समुद्राला परत कधी नेणारेस?… त्यात एक सीट धर… नाही गं, भिशीतल्या कुणाला नाही. मला… हो, मलाच. मी दोनदा, आता तीनदा गेले, अजून भरलेला बघितलेला नाही मी."

बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी मागून डोकं पुढं घातलं.

"या म्हणाली. एकदम पुढची सीट देते म्हणाली. खिडकीची."

"मग चांगलंय की."

"कसलं चांगलं?" आत्या फणकारली. "माझ्याकडं ती पहिल्यांदा आली होती तेव्हा मी तिला शेवटच्या रांगेत बसवलं होतं, टायरवर. आणि ही मला पुढची देतेय. बघ ना, त्यातपण पुढं गेली."